साडेसात वर्षांची वाट आणि सांगितलेले लगेच न ऐकणारा ट्रिको : ‘द लास्ट गार्डियन’चे परीक्षण

‘द लास्ट गार्डियन’चा पहिला ट्रेलर जून २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात दाखवला गेला आणि प्रत्यक्ष गेम खेळणाऱ्यांच्या हाती पडला तो डिसेंबर २०१६ मध्ये. मधल्या साडेसात वर्षांत सोनीचा प्लेस्टेशन ३ हा गेम खेळण्याचा कन्सोल जुना झाला, प्लेस्टेशन ४ रुळला, गेमच्या दिग्दर्शकाने कंपनीतली नोकरी सोडली, प्रकाशनाची मुदत जाहीर होऊन पुढे ढकलली गेली, आणि ट्रेलर पाहिला तेव्हा शाळेत असलेली मुले गेम येईपर्यंत नोकरीला लागली. इतकी वाट पाहायला लावणाऱ्या गेमचे परीक्षण लिहिताना ती प्रतीक्षा बाजूला ठेवता येत नाही, कारण पहिल्या आठवड्यात त्याच्याविषयी जे लिहिले-बोलले गेले त्यावर सगळीकडे तिचीच छाया होती. मी हा गेम दोनदा पूर्ण खेळले आहे, एकदा आल्या आल्या आणि एकदा बऱ्याच वर्षांनी, हाताशी भरपूर वेळ असताना. दुसऱ्या खेपेला माझे मत पुष्कळ बदलले, आणि ते का बदलले हे सांगण्यासाठीच मी हे लिहीत आहे.

अपेक्षा एवढ्या उंच का गेल्या होत्या, हे कळायला फुमितो उएदा या दिग्दर्शकाचे आधीचे दोन गेम डोळ्यांसमोर असावे लागतात. २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेल्या ‘इको’मध्ये डोक्याला शिंगे असलेला एक मुलगा योर्दा नावाच्या मुलीला ओसाड किल्ल्यातून बाहेर काढतो. तिचा हात धरून ठेवण्यासाठी कंट्रोलरवरचे आर-१ बटण दाबून धरावे लागते आणि बोट उचलले की हात सुटतो. २००५ च्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये तेच बटण सोळा अजस्र जीवांच्या अंगावरच्या केसांना लोंबकळून राहण्यासाठी वापरले गेले. त्याच गेममधली अ‍ॅग्रो ही घोडी लगाम ओढताच वळत नाही, खऱ्या जनावरासारखा क्षणभर वेळ घेते, आणि त्यामुळेच ती नुसते वाहन न राहता सोबतीण होते. उएदा यांची रीत वजाबाकीची आहे: गेममध्ये सहसा असणाऱ्या गोष्टी एकेक करून काढून टाकायच्या आणि जे उरेल ते इतके जीव ओतून करायचे की बाकीच्यांची आठवणच होऊ नये. अ‍ॅग्रोशी खेळणाऱ्यांचे जे नाते जुळले त्यातूनच पुढच्या गेमची कल्पना निघाली, आणि २००७ पासून त्यावर काम सुरू झाले. एक मुलगा, एक प्रचंड प्राणी आणि दोघांना वेढून असलेला भग्न बुरुजांचा प्रदेश एवढाच ऐवज घेऊन पूर्ण गेम उभा करण्याची ही कल्पना होती.

पहिल्या ट्रेलरमध्ये तो प्राणी दिसला तेव्हा पाहणाऱ्यांचा श्वास अडकला होता. मांजराची चाल, कुत्र्याची नजर, पक्ष्याची पिसे आणि अंगाच्या मानाने तोकडे पंख, असा हा ट्रिको. जपानी नावात ‘तोरी’ म्हणजे पक्षी आणि ‘नेको’ म्हणजे मांजर यांचा मेळ आहे, शिवाय ‘तोरिको’ या शब्दाचा एक अर्थ बंदिवान असाही होतो. नावातच गेमची अर्धी गोष्ट आली आहे. सप्टेंबर २०१० च्या टोकियो गेम शोमध्ये २०११ ची अखेर ही मुदत सांगितली गेली. एप्रिल २०११ मध्ये ती मागे घेण्यात आली. त्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये ‘इको’ आणि ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ यांची सुधारित जोडी प्लेस्टेशन ३ वर आली आणि वाट पाहणाऱ्यांनी तिच्यावर भूक भागवली. डिसेंबर २०११ मध्ये उएदा सोनीतून बाहेर पडल्याची बातमी आली. बाहेरून सल्लागार म्हणून ते गेमवर काम करत राहिले, तरी अनेकांनी तेव्हाच आशा सोडली. त्यानंतरची वर्षे शांततेची होती. कधीतरी कोणी अधिकारी काम चालू आहे एवढेच सांगे आणि त्या एका वाक्यावर पुढचे सहा महिने काढावे लागत. २०१५ च्या सुरुवातीला गेमच्या नावाचा अमेरिकेतला ट्रेडमार्क बाद झाल्याचे उघड झाले तेव्हा तर सगळे संपल्यासारखेच वाटले होते. मग त्याच वर्षी जूनमध्ये, ई-थ्रीच्या मंचावर, पडद्यावर तेच पिसांचे अंग हलले. तो क्षण मी आजही विसरलेले नाही.

उशीर का झाला याचे कारण मुळात तांत्रिक होते, आणि ते समजून घेतले की गेममधल्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. ट्रिको हा गेममध्ये जवळजवळ सतत पडद्यावर असणारा, इमारतीएवढा उंच, हजारो पिसांनी झाकलेला जीव आहे. त्याची पिसे वाऱ्यावर वेगवेगळी हलतात, त्याच्या अंगावर मुलगा कुठेही चढू शकतो, आणि पडक्या भिंती, खांब, अरुंद जिने यांतून तो स्वतःची वाट शोधतो. प्लेस्टेशन ३ ला हे झेपत नव्हते. सोनीचे शुहेइ योशिदा यांनी पुढे सांगितले की २००९ चा ट्रेलर मुळात कन्सोलवर फार संथ गतीने चालत होता आणि दाखवण्यासाठी त्याचा वेग वाढवण्यात आला होता. २०१२ मध्ये काम प्लेस्टेशन ४ कडे नेण्याचा निर्णय झाला. दोन्ही कन्सोलची घडण इतकी वेगळी आहे की एकासाठी बारकाईने बसवलेले काम उचलून दुसऱ्यावर ठेवता येत नाही. बऱ्याच गोष्टी नव्याने रचाव्या लागतात. उएदा यांच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडले असेही नाही, कारण ‘इको’ची सुरुवात पहिल्या प्लेस्टेशनवर झाली होती आणि तोही वाटेत पुढच्या कन्सोलवर न्यावा लागला होता. २०१४ मध्ये उएदा यांनी जेनडिझाइन हा स्वतःचा स्टुडिओ काढला, आणि सोनीच्या जपान स्टुडिओबरोबर तिथून गेम पूर्ण झाला. जून २०१६ मध्ये २५ ऑक्टोबर ही तारीख जाहीर झाली, सप्टेंबरमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त दोष आढळल्याचे सांगून ती ६ डिसेंबरवर नेली गेली, आणि या वेळी मात्र ती पाळली गेली.

त्या मोसमात असा तो एकटाच नव्हता. ‘फायनल फँटसी १५’ हा गेम २००६ मध्ये वेगळ्या नावाने, प्लेस्टेशन ३ साठी म्हणून जाहीर झाला होता. तो २९ नोव्हेंबर २०१६ ला, म्हणजे जेमतेम आठवडाभर आधी आला. दहा वर्षे आणि साडेसात वर्षे रखडलेले दोन गेम पाठोपाठ आल्यामुळे परीक्षकांच्या लिखाणात ‘वाट पाहण्याचे चीज झाले का’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला.

पहिली परीक्षणे विक्रीच्या तोंडावर आली आणि ती वाचताना दोन वेगळ्या गेमविषयी वाचतो आहोत असे वाटे. गेमची परीक्षणे करणाऱ्या संकेतस्थळांपैकी गेमस्पॉटने १० पैकी ९ गुण दिले, आयजीएनने ७. युरोगेमरने आपली सर्वांत वरची शिफारस दिली. सगळ्या परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरची सरासरी १०० पैकी ८२ वर स्थिरावली, पण या सरासरीने वस्तुस्थिती झाकली जाते. ८२ म्हणजे ‘बऱ्यापैकी चांगला’ अशी कुणाचीच भावना नव्हती. काहींना तो वर्षातला सर्वांत हृदयस्पर्शी अनुभव वाटला, काहींना कल्पनेने मोठा आणि हाताळायला त्रासदायक. या दोन टोकांच्या मधोमध ८२ हा आकडा पडला, एवढेच. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे परीक्षक एकाच गोष्टीविषयी बोलत होते. ट्रिको सांगितलेले लगेच ऐकत नाही, ही एकाची तक्रार होती आणि दुसऱ्याच्या कौतुकाचे कारणही तेच होते.

आता गेमकडे येते. सुरुवातीला मुलगा एका गुहेत जागा होतो. त्याच्या अंगावर अनोळखी चिन्हे गोंदलेली आहेत आणि शेजारी साखळदंडाने जखडलेला, अंगात भाले रुतलेला ट्रिको गुरगुरतो आहे. ही गोष्ट आपल्याला एक वयस्क आवाज सांगतो. तो त्याच मुलाचा, मोठेपणीचा आहे, आणि अडल्यावर तोच आठवणीच्या स्वरात हळूच वाट सुचवतो. मुलाला चमकणाऱ्या निळसर खाद्याने भरलेले एक पिंप सापडते. ते उचलून ट्रिकोसमोर ठेवले तरी तो खात नाही. तो मान खाली घालून, कान मागे टाकून, मुलावरची नजर न हटवता उभा राहतो. चार पावले मागे सरकले, जरा थांबले, की मग नाक पुढे येते, एकदा हुंगणे होते, आणि क्षणात पिंप फुटते. कोणतीही सूचना न देता गेमने इथे पहिला धडा दिलेला असतो: या प्राण्याला थोडी जागा द्यावी लागते. पुढे भाला उपटताना तो कळवळून अंग झटकतो आणि मुलगा भिंतीवर आदळून बेशुद्ध पडतो. त्याला राग आलेला नसतो, दुखलेले असते. हा फरक अ‍ॅनिमेशनमधून, एक शब्दही न वापरता, स्पष्ट कळतो. एवढे काम करून दाखवणारा गेम मी त्यानंतर क्वचितच पाहिला.

पुढचे बारा-पंधरा तास हे दोघांनी मिळून वर चढत जाण्याचे आहेत. ट्रिकोला ज्या फटीतून जाता येत नाही तिथून मुलगा जातो, दांडा ओढून दरवाजा उघडतो. मुलाला जी उडी झेपत नाही ती ट्रिको मारतो आणि मुलगा त्याच्या मानेवरची पिसे मुठीत धरून बसतो. किल्ल्यात दगडी चिलखतांचे पहारेकरी आहेत. त्यांनी मुलाला पकडले तर ते त्याला निळ्या प्रकाशाच्या दारांकडे ओढून नेऊ लागतात आणि पडद्यावर चिन्हे उमटत जातात. त्या वेळी भराभर बटणे दाबून सुटण्याची धडपड करावी लागते, नाहीतर ट्रिको धावून येईल अशी आशा करावी लागते. मुलाकडे तलवार नाही. सुरुवातीला एक आरसा असतो, ज्याचा प्रकाश जिथे पडेल तिथे ट्रिकोच्या शेपटीतून वीज सुटते, पण तोही कायम हातात राहत नाही. लढाई करायची ती ट्रिकोने, आणि लढाईनंतर बिथरलेल्या त्या प्राण्याच्या अंगावर चढून रुतलेले भाले उपटायचे आणि तो शांत होईपर्यंत त्याला थोपटत राहायचे, हे काम आपले. इतर गेममध्ये लढाई संपली की लूट गोळा करायची सवय लागलेली असते. इथे लढाई संपली की शुश्रूषा सुरू होते. थोपटताना कुठे हात लावला तर त्याला बरे वाटते हे हळूहळू आपल्याला समजू लागते, आणि लक्षात येते की आपण गेमची गरज म्हणून नव्हे तर त्याच्यासाठी थांबलो आहोत.

काचेच्या डोळ्यांविषयी मात्र थोडे अधिक लिहायला हवे. किल्ल्यात ठिकठिकाणी रंगीत काचेत घडवलेल्या डोळ्यासारख्या आकृत्या टांगलेल्या किंवा उभ्या केलेल्या आहेत. त्या दिसल्या की एवढा मोठा ट्रिको जागच्या जागी थिजतो, मागे सरतो, आणि कितीही हाका मारल्या तरी पुढे येत नाही. मुलाने त्या ढकलून फोडल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. कोडे म्हणून पाहिले तर हे अगदी साधे आहे, पण गेमच्या उत्तरार्धात एक प्रसंग असा येतो की मुलगा संकटात आहे, मध्ये तो डोळा आहे, आणि मुलाला तो फोडता येण्याजोगा नाही. ट्रिको काय करतो ते मी इथे सांगणार नाही. एवढेच सांगते की त्या प्रसंगाची पूर्वतयारी गेमने तासन्‌तास, प्रत्येक वेळी त्याला थिजताना दाखवून, केलेली असते, आणि म्हणूनच त्याची मान किंचित खाली गेली तरी पाहणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होते.

आता दोषांकडे वळू, कारण ते खरे आहेत आणि त्यांवर पांघरूण घालणे योग्य होणार नाही. सर्वांत मोठा दोष कॅमेऱ्याचा. मोकळ्या जागेत तो ठीक चालतो, पण बंद खोलीत एवढा मोठा प्राणी, एक लहान मुलगा आणि भिंती यांच्यात त्याला उभे राहायला जागाच उरत नाही. मग पडदा पिसांनी भरून जातो, कधी क्षणभर काळा पडतो, आणि पुन्हा दिसू लागते तेव्हा दिशा हरवलेली असते. नेमकी उडी मारायच्या वेळी असे झाले की चीड येते. मुलाची चाल मुद्दाम अडखळती ठेवली आहे, तो लहान आहे, धावताना ठेचकाळतो, आणि ते पाहायला गोड आहे. पण ट्रिकोच्या अंगावरून उतरायचे असताना तो पिसांनाच चिकटून राहतो तेव्हा गोडवा उरत नाही. बटणांच्या सूचना पडद्यावर पुन्हा पुन्हा येत राहतात, ज्या गेमने बाकी सगळे शब्द गाळले त्यात त्या विशेष खुपतात. साध्या प्लेस्टेशन ४ वर मोठ्या, झाडाझुडपांच्या दृश्यांमध्ये फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, उघडपणे घसरतो. प्लेस्टेशन ४ प्रो वर परिस्थिती पुष्कळ बरी आहे. कॅमेरा आणि फ्रेम रेट या दोन्हींविषयी पहिल्या परीक्षणांत जे कडक शब्द आले ते मला आजही रास्त वाटतात.

तिसरी तक्रार मात्र वेगळी आहे, आणि माझे मत बदलले ते तिच्याबाबत. काही वेळ खेळल्यावर मुलाला ट्रिकोला सांगता येऊ लागते: आर-१ दाबून धरायचे आणि सोबत दुसरे बटण दाबून उडी मार, पुढे हो, असे खुणावायचे. ‘इको’मध्ये जे बटण हात धरण्यासाठी होते तेच इथे हाक मारण्यासाठी आहे, आणि हा योगायोग नसावा असे मला वाटते. हाक मारली की ट्रिको ऐकतोच असे नाही. तो कधी भलतीकडे पाहतो, कधी पंजा चाटत बसतो, कधी दोन पावले येऊन थबकतो. पहिल्या वेळी खेळताना मी अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबत राही, मुलगा ओरडत राही, आणि ट्रिको आणखीच गोंधळून एकदा इकडे एकदा तिकडे मान वळवत राही. मला वाटे की गेममध्ये बिघाड आहे.

दुसऱ्या वेळी मी पाण्याच्या एका गुहेत पोहोचले. मध्ये खोल पाणी, पलीकडे जायची वाट पाण्याखालून, आणि ट्रिको काठावर बसलेला. त्याला पाण्याची भीती वाटते. तिथले एक पिंप उचलून मी पाण्यात टाकले आणि या वेळी बटणाला हातही लावला नाही. त्याने मान पुढे करून पाण्यावर तरंगणारे पिंप हुंगायचा प्रयत्न केला, ते दूर गेले. त्याने एक पंजा पाण्यात घातला आणि लगेच बाहेर काढून झटकला. तो उठला, काठाने थोडा चालला, पुन्हा त्याच जागी येऊन बसला. मग पुढचे दोन्ही पंजे पाण्यात, मग मागचे अंग अजून वर असतानाच मोठा तोल सांभाळत, आणि शेवटी अख्खा देह धबकन आत. पाण्याची लाट उसळून मुलगा हेलकावला. या सगळ्याला किती वेळ लागला ते मी मोजले नाही, पण त्या वेळात मी एकदाही कंटाळले नाही, कारण एक प्राणी भीती आणि भूक यांच्यात निवड करताना मी पाहत होते. मग एकच हाक दिली, ती त्याने ऐकली, आणि मुलाला पाठीवर घेऊन बुडी मारली. तीच जागा पहिल्या वेळी मी अडचण म्हणून पार केली होती.

ट्रिकोला थोडा वेळ दिला, एकदाच सांगून थांबले, आणि तो कुठे पाहतो आहे याकडे लक्ष ठेवले, तर तो बहुतेक वेळा ऐकतो. शिवाय पुष्कळदा तो जिकडे टक लावून पाहत असतो तिकडेच पुढची वाट असते. तो काही वेळा खरोखर चुकतोही, उडी मारण्याच्या जागेवरून विनाकारण परत फिरतो, हे मी नाकारत नाही. पण बटणांचा भडिमार करणाऱ्याला हा गेम जितका बिघडलेला वाटतो तितका तो बिघडलेला नाही.

पहिल्या परीक्षणांचा प्रश्न इथेच येतो. परीक्षकाच्या हाती गेम विक्रीच्या काही दिवस आधी पडतो, ठरलेल्या तासाला मजकूर द्यायचा असतो, अडकल्यावर विचारायला कोणी नसते, आणि शेजारी त्याच महिन्यातले इतर गेम रांगेत असतात. धावपळीचा, गोळीबाराचा गेम या घाईत नीट तपासता येतो, कारण त्याची स्वतःचीच गती घाईची असते. ज्या गेमचा गाभाच एका जनावराने मनाची तयारी करण्याचा वेळ हा आहे, तो मुदत डोक्यावर घेऊन खेळला तर त्याच्यातल्या सर्वांत चांगल्या जागा अडथळ्यांसारख्या दिसणारच. यात परीक्षकांचा प्रामाणिकपणा कमी पडला असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी जे अनुभवले ते लिहिले. मीसुद्धा पहिल्या वेळी घाईतच होते, कारण साडेसात वर्षे साठलेली उत्सुकता हीदेखील एक मुदतच असते. शेवट काय आहे हे कुणाकडून कळण्याआधी आपणच पाहावा, म्हणून मी तो धावत गाठला होता.

पहिली परीक्षणे याच्या उलट दिशेनेही चुकवू शकतात. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम २०२० मध्ये एप्रिल, सप्टेंबर आणि नोव्हेंबर अशा तीन तारखा ओलांडून १० डिसेंबरला आला. विक्रीआधी परीक्षकांना फक्त संगणकावरची आवृत्ती दिली गेली होती, आणि तिच्यावर आधारलेली परीक्षणे भरभरून कौतुकाची होती. जुन्या कन्सोलवर तो इतका खिळखिळा चालत होता की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. तो परत यायला जून २०२१ उजाडला. म्हणून उशिरा आलेल्या गेमचे पहिले परीक्षण वाचताना मी आता गुण शेवटी पाहते. लिहिणारा कोणत्या यंत्रावर, कोणती आवृत्ती आणि साधारण किती सवडीने खेळला, हे आधी शोधते. ‘द लास्ट गार्डियन’ला ७ देणारे परीक्षणही या नजरेने वाचले तर उपयोगाचे ठरते, कारण कॅमेरा आणि फ्रेम रेट यांविषयीचा इशारा त्यात बरोबर दिलेला आहे.

संगीताबद्दल थोडक्यात: ताकेशी फुरुकावा यांच्या रचना लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवल्या आहेत, आणि त्यांचे मोठेपण असे की बराच वेळ त्या ऐकूच येत नाहीत. वारा, दगडावर घासणारी नखे, ट्रिकोचा श्वास, दूरवर कुठेतरी ढासळणारा चिरा, एवढेच आवाज असतात. वाद्यवृंद सुरू होतो तो पूल कोसळताना, किंवा मुलगा रिकाम्या जागेत उडी घेतो आणि ट्रिकोचा जबडा वेळेवर पुढे येतो तेव्हा. ती पहिली उडी मारताना हात आखडतो. ज्याला काही तासांपूर्वी आपण घाबरत होतो त्याच्या तोंडाच्या दिशेने स्वतःला झोकून द्यायचे असते. पुढे हेच झेलणे शेपटीने होते, आणि तोपर्यंत आपण उडी मारताना विचार करणेही सोडलेले असते.

माझे मत विचाराल तर हा गेम आवर्जून खेळण्याजोगा आहे, आणि त्याच्या दोषांची पूर्ण जाणीव ठेवून मी त्याला उएदा यांच्या तिन्ही गेममध्ये सर्वांत वर ठेवते. ज्यांना कंट्रोलरवरच्या प्रत्येक दाबाला तत्काळ उत्तर हवे असते त्यांनी मात्र तो घेऊ नये. त्यांची निराशा होईल आणि ती निराशा चुकीची नसेल. साडेसात वर्षे वाट पाहण्याइतका तो मोठा आहे का, हा प्रश्न आज घेणाऱ्यासाठी उरलेलाच नाही, आणि ही आज घेणाऱ्याची मोठी सोय आहे. जेनडिझाइनने डिसेंबर २०२४ मध्ये एका नव्या गेमची झलक दाखवली, तिच्यात एका महाकाय यंत्रमानवाच्या अंगावर चढणारे माणूस दिसते, आणि तारीख सांगितलेली नव्हती. त्या गेमची वाट मी पाहणार आहेच.

घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्लेस्टेशन ५ वर डाउनलोड केलेली आवृत्ती सेकंदाला ३० फ्रेमवर बांधलेली राहते. डिस्क मात्र असेल आणि ती कोणताही पॅच, म्हणजे नंतर इंटरनेटवरून येणारी दुरुस्ती, न घेता, मूळ १.०० आवृत्तीवर चालवली, तर गतीवरचा तो बांध नसल्यामुळे गेम ६० फ्रेमच्या आसपास चालतो, आणि २०१६ मध्ये ज्या घसरणीविषयी इतके लिहिले गेले ती जवळजवळ दिसत नाही. पॅचमध्ये झालेल्या दुरुस्त्या मग मिळत नाहीत, तेवढे मान्य करावे लागते. पिसांची हालचाल या गतीत पाहिली की ट्रिकोच्या कानांचे बारीक थरथरणेही दिसू लागते. हाक मारल्यानंतर आधी तो कान वळवतो आणि मग मान, हे मला तिथे पहिल्यांदा दिसले. जुनी डिस्क मिळाली तर तीच घ्यावी, बसवताना इंटरनेट बंद ठेवावे, आणि पहिल्या पिंपाशी चार पावले मागे सरकून उभे राहावे.